दोरीवाल्या सरांच्या सहा विहिरी

दोरीवाले सर मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसत. मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांनी आधी सासऱ्यांच्या विहिरीत दोरी सोडली आणि मग मुलीकडे पाहिलं, असं आम्ही पोरं सांगत असू. ही गोष्ट माझीच रचलेली. पण नागपुरात ती इतकी फिरली, की वर्षभरानं खुद्द सरांनीच ती मला ऐकवली, वर त्या विहिरीची खोलीही सांगितली.

सर आम्हाला बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र शिकवत. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. पर्यावरण हा शब्द कॉलेजात कुणाच्या तोंडी नव्हता. पोरांनी दगड ओळखावेत, आकृत्या काढाव्यात आणि पास होऊन घरी जावं, असं आमच्या विभागप्रमुखांचं मत. सरांचं म्हणणं, रानात नेलं तर हीच पोरं संशोधन करतील. नरखेडकडे संत्र्याच्या बागा वाढत होत्या, विहिरींवर मोटारी बसत होत्या, आणि पाणी किती खाली चाललंय ते कुणी मोजत नव्हतं. खूप मिनतवाऱ्या केल्यावर प्रमुखांनी एक उन्हाळा दिला. सहा पोरं, सहा विहिरी. नोंदी पूर्ण आल्या तर दरवर्षी पोरं न्यायची, नाही तर बंद.

दर रविवारी पहिल्या एसटीनं जायचं, फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी दगड बांधून विहिरीत सोडायची आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते लिहायचं. हे सगळं मोटर सुरू व्हायच्या आत. एकदा मी पोचलो तेव्हा मोटर नुकतीच चालू झाली होती. आकडा लिहू का विचारलं, तर सर म्हणाले, "पळत्या माणसाची उंची मोजते का गा कोणी? संत्रं खा अन् घरी जा."

माझी विहीर शेवंताबाईंची. या बाई बोलायला लागल्या, की हिरवी संत्री पिकून खाली पडेपर्यंत थांबत नसत. त्यात मे महिना. रस्त्याच्या डांबरात माझी चप्पल रुतून बसली ती अजून तिथेच असेल. शेवटी तीन रविवार मी घरीच वाळ्याच्या पडद्यामागं लोळलो आणि वहीत लिहिलं : एकतीस, बत्तीस, तेहतीस.

सरांनी वही पाहिली. "काहून गा, तुझी विहीर शाळेत जाते का? दर आठवड्याले बरोबर एक फूट उतरून राहिली." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, शेवंताबाईंची मोटर कधी जळली?

मला काय ठाऊक! मोटर जळून तीन आठवडे झाले होते, हे सरांना शेजारच्या विहिरीवरच्या पोराकडून कळलं होतं. उपसा बंद, त्यामुळे पाणी उलट वर आलं होतं. त्या बागेत पाय ठेवणाऱ्या कुणालाही बाईंनी ती कथा ऐकवल्याशिवाय सोडलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सहाही विहिरींच्या नोंदींचा तक्ता प्रमुखांपुढं जायचा होता. मी हातापाया पडलो. म्हटलं, आकडे राहू द्या, कुणाला कळणार नाही, तुमची योजना वाचेल. सरांनी खोडरबर घेतलं आणि तिन्ही आकडे पुसले.

प्रमुखांनी नेमकं त्या तीन कोऱ्या चौकटींवर बोट ठेवलं. सर एवढंच म्हणाले, की ती मापं घेतली गेली नाहीत. कुणी घेतली नाहीत, ते बोलले नाहीत. मीच उठलो आणि माझं नाव सांगितलं. पदरचं काही न घालता मी बोललेलं ते बहुधा पहिलंच वाक्य. प्रमुख म्हणाले, म्हणूनच मी नको म्हणत होतो. तक्ता मिटला, योजना संपली.

पुढच्या रविवारी पहाटे मी एसटी स्टँडवर का गेलो, कुणास ठाऊक. सर नरखेडच्या गाडीपाशी उभे होते, खांद्यावर दोरी. माझ्या तोंडून निघालं, "सर, सर्वे तर बंद झाला."

"विहिरीले सांगतलं का कोणी?" म्हणाले आणि गाडीत चढले. मीही चढलो. त्या दिवशी शेवंताबाईंची मोटरकथा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि मग दोरी सोडली.

वर्षभरात सरांची बदली झाली. मी मात्र त्या विहिरीवर दर उन्हाळ्यात जात राहिलो. लोकांना मी चौदा उन्हाळे सांगतो. वहीत चारच आहेत.