शेगडी बंद केली का?

आमच्या अख्ख्या मानवत गावात गॅस गळूच शकत नाही असं घर एकच आहे, आणि ते माझं आहे. गॅसच्या शेगड्या, नळ्या, रेग्युलेटर दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. नाक तर असं तयार झालंय, की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणाचा बर्नर गळतोय ते सांगतो. (बायको म्हणते, एवढं तिखट नाक असून स्वतःच्या मोज्यांचा वास कसा येत नाही? जाऊ द्या.)

थोरली लेक मनीषा बाळंतपणाला माहेरी आली होती. नातू झाला. तो बघायला जावईबापू पुण्याहून आले आणि त्यांनी बॅगेतून काय काढावं? पेढे नव्हे, एक पांढरी गोल डबी!

"मामा, हा अलार्म. कार्बन मोनॉक्साइड नावाचा गॅस झाला की वाजतो. बाळाच्या खोलीत लावतो."

गॅसवाल्याच्या घरात गॅसचा अलार्म! म्हणजे हलवायाच्या घरी पेढ्याचा पुडा घेऊन जाण्यातलाच प्रकार. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याच्याशी वाद कोण घालणार? मी हसून मान डोलावली. त्यांनी डबी खिळ्याला टांगली, पुण्याची गाडी धरली, आणि मी ती विसरलो.

बाळंतिणीची खोली माझ्या आत्याच्या, कौसाआत्याच्या, ताब्यात होती. झरीहून ती खास बाळंतपणासाठी आली होती. तिचा कायदा एकच: बाळंतिणीला वारं लागता कामा नये. एका सकाळी थंडीचा कडाका वाढला, तसा हा कायदा आणखी कडक झाला. खिडकी गच्च बंद, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं, आणि शेकासाठी बाजेखाली बाभळीच्या निखाऱ्यांनी भरलेली शेगडी. ती मीच पेटवून दिली होती. (आत्याला नाही म्हणणारा माणूस अजून आमच्या घराण्यात जन्माला यायचाय.)

तासाभरानं डबी केकाटायला लागली. टीं टीं टीं टीं! मी पाना घेऊन धावलो. खोलीत शिरून जोरात हुंगलं. ओवा, बाळंतशोपा, बाळाची शी. गॅसचा वास मात्र औषधालाही नाही!

"न्हाई," मी निकाल दिला. "डबी खराब हाय."

"खराब कशानं?" आत्या म्हणाली. "काय धरतंय म्हणला जावई ते?"

"गॅस."

"मंग बराबर हाय की! लेकराच्या पोटात गॅस हाय. सकाळधरनं पाय आखडून रडायलंय. डबीला कळलं, तुला कळंना!"

आणि तिनं बाळाच्या पोटाला हिंग लावला. डबी वाजतच होती.

"मनीषाला बी गॅस धरलाय," आत्यानं पुढची तपासणी केली. "का गं, डोकं दुखायलंय ना?"

"लय दुखायलंय," मनीषा म्हणाली. "मळमळायलंय बी."

"बघ! गॅस डोक्यात चढलाय. गोविंदा, शेक वाढव!"

मी शेगडीत आणखी निखारे टाकले. डबीनं जास्तच आकांत मांडला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "पोटातला गॅस धरत असंल, तर ह्यांच्या खोलीत लावा. बंदच व्हायची न्हाई!"

पण मला आता कुतूहल वाटायला लागलं होतं. मी डबी काढून अंगणात नेली. थोड्या वेळात गप्प! स्वयंपाकघरात नेली, गप्प. सिलिंडरला टेकवली, तरी गप्प. साबणाचा फेस करून रेग्युलेटरला लावला, एक बुडबुडा आला नाही. खोलीत परत आणली, की जरा वेळानं टीं टीं टीं टीं! हिला खोलीत नेमकं दिसतंय तरी काय? मी आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिलो, आणि आत्या दर वेळी माझ्यामागं दार लावून फटीत लुगडं कोंबत राहिली. शेजारी कुंपणावरून बघत होते. गॅसवाला गोविंदराव कडेवर डबी घेऊन तिला जोजवतोय, अशी बातमी तेवढ्यात गल्लीभर गेली.

आता माझंही डोकं ठणकायला लागलं. डबीच्या आवाजानं, दुसरं काय! सगळ्यांची डोकी उठवली हिनं. मी चिडून सेल काढायला नख घातलं.

"अण्णा, सेल नका काढू," मनीषा पडल्या पडल्याच म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "आधी ह्यांना इचारा."

दारातच उभं राहून मी जावईबापूंना फोन लावला. त्यांनी मागची टीं टीं ऐकली, आणि पहिलाच प्रश्न केला,

"मामा, शेगडी बंद केली का?"

मला रागच आला. गॅसवाल्याला हे विचारायचं?

"कवाच! रेग्युलेटर सुदीक काढून ठिवलंय."

"मग घरात दुसरं काय जळतंय?"

"काईच न्हाई. अन् वास बी न्हाई."

"अहो, या गॅसला वास नसतोच! कुठंतरी काहीतरी..."

इतक्यात आतून आत्याचा आवाज आला, "गोविंदा, शेगडी विझायलीय रे! निखारे टाक!"

जावईबापूंनी ते फोनवरून ऐकलं.

"मामा... ही कोणती शेगडी?"

"बाजेखालची."

"कोळशाची? बंद खोलीत? मामा, सगळ्यांना बाहेर काढा! आधी बाहेर!"

मी बाजेकडं बघितलं. मनीषाचे डोळे मिटत होते, आणि मघाशी रडणारं लेकरू केव्हापासून रडतच नव्हतं! मी लय घाबरलो. लुगडं पायानं उडवलं, दार सताड उघडलं, बाळ उचलून पळालो. बायकोनं मनीषाला धरून बाहेर आणलं.

आत्या जागची हलेना. "सव्वा महिना झाला न्हाई अन् बाळंतिणीला थंडीवाऱ्यात काढता? मला काय झालंय? मी बरी..." म्हणत उठली आणि माझ्याच अंगावर कोसळली. तिला तशीच ओढत अंगणात आणलं.

गार वारं लागलं आणि बाळानं असा टाहो फोडला, की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

रिक्षानं सगळी वरात दवाखान्यात नेली. मनीषाला, बाळाला, आत्याला ऑक्सिजन लावला. सगळे सुखरूप आहेत म्हटल्यावर, बायकोकडून सगळी हकीकत ऐकलेले डॉक्टर माझ्यावर घसरले.

"डबी वाजली की आधी माणसं बाहेर! कुणाचं डोकं दुखतंय का, मळमळतंय का, ते विचारायचं, आणि दवाखान्यात आणायचं. हुंगत काय बसता? फेस कसला लावता? घरात काय काय जळतंय ते जाणकारानं तपासल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मानवतात एखादा चांगला गॅसवाला नाही का?"

आत्यानं अभिमानानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि माझ्याकडं बोट दाखवायला हात वर केला.

मी तो हात पटकन धरून खाली दाबला आणि म्हणालो, "न्हाई, साहेब."