पंढरीनाथांचे खांब

पंढरीनाथ राऊळ टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रस्त्यानं चालताना त्यांची नजर वर तारांकडेच असायची. त्यापायी भाईंदर पूर्वेच्या गटारात ते दोनदा पाय घालून बसले होते.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात त्यांच्या जुन्या सहकाऱ्यानं, उत्तमनं, मनोरच्या पुढच्या आपल्या वाडीवर सगळ्यांना जेवायला बोलावलं. मुलगा स्वप्नील, सून रसिका, नात रुचिता आणि पत्नी सुचेता, अशी मंडळी भाड्याच्या जीपमधून निघाली.

काशीमीऱ्याला हायवे लागताच स्वप्नील म्हणाला, "बाबा, उत्तमकाकांना फोन करून रस्ता विचारून घेतो."

"विचारायचं कशाला? तिथले खांब मी उभे केलेत. खांब धरून चल, थेट त्याच्या अंगणात पोचशील."

मनोरला हायवे सुटला, सागाचं जंगल लागलं. आधी मोबाइलची रेंज गेली, मग खांबांवरच्या तारा गेल्या, मग खांबच गेले.

"अहो, त्या मोळीवाल्या बाईला विचारा ना," सुचेताबाई म्हणाल्या.

"मधले पडले असतील. पुढे सापडतील."

एका ओढ्यावरून धडधडत जीप पलीकडे गेली आणि रस्ता कापलेल्या भातशेतालगतच्या एका अंगणात संपला. समोर गोठा होता. पंढरीनाथांनी सवयीनं वर पाहिलं आणि ते ताडकन खाली उतरले. गोठ्याचा आडवा वासा म्हणजे टेलिफोनचा लोखंडी खांब होता!

"हा कुठून आणलास?" त्यांनी गोठ्याच्या मालकाला, नाथाला, दरडावलं.

"आनला न्हाय. वादळात पडला. दोनदा आफिसात सांगून आलो, कोन आला न्हाय. मंग म्हटला, म्हशीला तरी सावली."

"सरकारी मालमत्ता आहे ही! मी वर कळवणार."

"कळवा ना. कोन आला त बाकीचे चार बी घेऊन जाऊ द्या."

"बाकीचे चार कुठायत?"

"वढ्यावर टाकलेत. तुमची गाडी आता त्यांच्यावरनंच आली."

रसिकानं तोंडाला पदर नाही म्हणून ओढणी लावली. सुचेताबाई मात्र खुशाल हसल्या.

तेवढ्यात नाथाची म्हातारी आई, जिजाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. खांबांचा विषय ऐकून म्हणाली, "ते लावाया मानसं आलेली ना, त्यात एक उंच, शिडशिडीत होता. साप बघून खांबावर चढला, तो सांजपावत उतरला न्हाय. आमी खालनं भाकर दावली, तवा आला. तुमी वळखता काय त्याला?"

"नाही," पंढरीनाथ म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते सगळ्यांना दिसले.

जिजाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. जेवताना सगळे पंढरीनाथांच्या लाल कानांकडे बघत होते. ते त्यांना सोसेना. तिसऱ्या भाकरीला ते म्हणाले, "साप नव्हता तो. घोणस होती. मनगटाएवढी."

"आजोबा, घोणस म्हणजे सापच," रुचिता म्हणाली.

हात धुताना नाथा हळूच जवळ आला. "सायेब, तुमचा काम हाय म्हनून इचारतो. वासा जरा हालतोय."

पंढरीनाथांनी वर पाहिलं. खांब मुळात उलटा बसवला होता. असा खांब बघून त्यांना राहवणं शक्यच नव्हतं. त्यांनी पँट दुमडली, शिडी मागवली, स्वप्नीलला दोर धरायला लावला आणि "असा नाही रे, जाड तोंड भिंतीकडे!" असं ओरडत ते गोठ्यावर चढले. म्हैस बाहेर उभी राहून बघत होती.

काम आटोपेपर्यंत ऊन कललं. उत्तमकडे जायचं त्या दिवशी राहूनच गेलं.