ताईचा कापडी चाफा

माझी मोठी बहीण नालासोपाऱ्याजवळ आचोळ्यात एका छोट्या गाळ्यात केसांच्या क्लिपा बनवायची. भावोजी गेल्यावर तिने घरच्या शिलाई मशीनवर सुरुवात केली आणि दोन-तीन वर्षांत तिच्याकडे पाच बायका कामाला येऊ लागल्या. त्यांची खासियत म्हणजे पिवळ्या सॅटिनचा सोनचाफा. त्यांतल्या गास गावाहून येणाऱ्या एक मावशी वाडीत चाफा खुडतच वाढलेल्या, त्यामुळे फूल हुबेहूब उतरायचं. वसईतल्या दुकानांत माल जायचा, लग्नसराईत पुरा पडायचा नाही.

मग परदेशातून क्लिपांची पाकिटं येऊ लागली. आमच्या एका क्लिपेच्या किमतीत डझनभर. दुकानदार ताईला म्हणायचे, "तुमचा माल चांगला आहे हो, पण गिऱ्हाईक स्वस्त मागतं."

तेव्हा मीच तिला लघुउद्योगांना बाहेरचा बाजार मिळवून देणाऱ्या एका योजनेबद्दल सांगितलं. अर्ज इंग्रजीत होता, तो मी भरला. मुंबईतल्या प्रदर्शनात तिला टेबल मिळालं. तिथे एका परदेशी खरेदीदाराने चाफा बराच वेळ निरखला आणि दुभाष्यामार्फत नमुने मागितले. ताईने मला बाजूला घेतलं. "सगळे देऊन टाकू? आपण पाकळी कशी कापतो तेही विचारतोय."

"दे गं," मी म्हटलं. "विश्वास दाखवल्याशिवाय ऑर्डर कोण देईल?"

तिने कागदावर कापाची आकृतीसुद्धा काढून दिली. पुढे कित्येक महिने ती मला मेल आला का म्हणून रोज विचारायची. मग विचारेनाशी झाली.

वर्षभराने नालासोपारा स्टेशनबाहेरच्या एका ठेल्यावर मला तो चाफा दिसला. एका पाकिटात बारा. आमच्या मावशींचं एक बोट वाकत नसे, त्यामुळे त्यांच्या हातच्या फुलाची शेवटची पाकळी जरा आत मुडपायची. पाकिटातल्या बाराही फुलांची तीच पाकळी तशीच मुडपलेली होती. मी पाकीट घेऊन सरळ ताईकडे गेलो. तिने एक फूल उलटंपालटं केलं, पाकळीवर अंगठा फिरवला.

"मावशींना दाखवू नकोस," एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर तिने गाळा सोडला, मशीनं विकली. आता ती वसईला एका पाळणाघरात मुलं सांभाळते. मला तिने एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर मला जरा हलकं वाटलं असतं.

मध्यंतरी योजनेच्या कचेरीतून तिला फोन आला. परदेशी बाजारापर्यंत पोचलेल्या महिलांची पुस्तिका काढत होते, तिचा फोटो हवा होता. मी म्हटलं, "खरं काय झालं ते सांगून टाक त्यांना."

"फोनवरच्या त्या पोरीला काय ठाऊक? तिला बोलून काय करू?"

तिने ठेवणीतली साडी नेसली आणि मला मोबाइलवर फोटो काढायला लावला. मी दोन काढले. दोन्हींत ती हसली आहे.