गुरू कर्केत परत येतो तेव्हा

मिरजेहून दुपारी गाडीत बसलो तेव्हा आमच्या हिने दोन गोष्टी बजावल्या होत्या. दशम्या उद्यापर्यंत संपवायच्या, आणि नाशिकला कुणाशी वाद घालायचा नाही. मी चौतीस वर्षं टपाल वाटलं. वाद घालण्याचा माझा स्वभाव नाही. पण काम वादाचंच होतं. आमची रेवती आणि नाशिकचा अमेय, दोघं पुण्यात नोकरीला. येत्या मार्गशीर्षात लग्न करायचं त्यांनी ठरवलं. अमेयच्या आई कुमुदताई यांनी कळवलं की तेव्हा गुरू सिंह राशीत असेल, सिंहस्थ लागलेला असेल. गुरू बाहेर पडेपर्यंत थांबा. रेवती फोनवर म्हणाली, "बाबा, आम्ही थांबणार नाही. तुमच्यापैकी कुणी आलं नाही तरी रजिस्टर करू." हिचे गुडघे धरलेले, म्हणून मी एकटाच निघालो.

सकाळी मनमाडला गाडी बदलली. डब्यात आलेल्या चहावाल्याकडून चहा घेतला आणि गाडी हलली. घाईने पैसे देताना अर्धा चहा लेंग्यावर सांडला. शेजारी नामपूरचे एक कांदेवाले शेतकरी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, आपली गाडी उभी शे. ती शेजारनी चालनी." (शे म्हणजे आहे, चालनी म्हणजे निघाली.) दुसऱ्या बाजूला पाहिलं, तर फलाटाचा खांब होता तिथेच होता. हललो नव्हतो हे पटायला मला थोडा वेळ लागला.

नाशिकरोडला उतरलो तेव्हा चांगलाच गारठा होता. रिक्षावाल्याने दोनदा रस्ता बदलला. "सगळीकडं खोदलंय काका, सिंहस्थाचं काम हे. घाटाकडून नाय जाता येणार." वाटेत त्यानेच एका ठिकाणी मिसळ खायला थांबवलं. काळ्या रश्श्याची मिसळ, वर पापड, बाजूला दह्याची वाटी. आमच्याकडच्यापेक्षा तिखट कमी, पण मसाला नाकात जाणारा. तो चमच्याने दही कालवत म्हणाला, "बारा वर्षांनी येतो ना गुरू, म्हणून एवढी तयारी." कुठून येतो, हे मला त्याला विचारावंसं वाटलं. पण मलाही ते ठाऊक नव्हतं.

कुमुदताई पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. सोवळं, जपमाळ, देव्हाऱ्यासमोर बसलेली करारी बाई, असं चित्र मी मनात धरलं होतं. दार उघडलं ते चष्मा लावलेल्या, स्वेटर घातलेल्या बाईंनी. त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. भिंतीवर अजून फळा होता. त्यांचे वडील पंचांगाचं गणित करायचे. अमेयची थोरली बहीण माधुरी त्यांच्याजवळच राहते, बालवाडीत शिकवते. तिने पाणी आणून दिलं.

मी प्रवासात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "ताई, ग्रह सूर्याभोवती फिरतात. त्याचा लग्नाशी काय संबंध?"

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या आधी."

इथून माझा गोंधळ सुरू झाला. जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावर लिंबू ठेवलं, तो सूर्य. द्राक्ष म्हणजे पृथ्वी, पेरू म्हणजे गुरू. त्या सांगू लागल्या, की पूर्वीचे लोक द्राक्ष मधोमध ठेवायचे. पण गुरू आकाशात पुढे जाता जाता थांबतो, काही महिने मागे येतो, परत पुढे जातो. हे वक्री होणं बसवायला त्यांनी वर्तुळावर वर्तुळ रचलं. आपल्याकडेही आणि ग्रीसमध्येही. "आणि उत्तरं बऱ्यापैकी बरोबर यायची," त्या म्हणाल्या.

"म्हणजे चूक असून बरोबर?"

"हो. मग पोलंडातल्या एका चर्चच्या माणसाने लिंबू मधे ठेवलं." त्यांनी मला डोळा द्राक्षाच्या उंचीवर न्यायला लावला आणि द्राक्ष भरभर, पेरू सावकाश फिरवला. द्राक्ष पेरूला मागे टाकू लागलं तसा पेरू, मागच्या भिंतीवरच्या फळ्याच्या मानाने, खरंच मागे सरकला. मी लेंग्यावरचा डाग दाखवून मनमाडची हकीकत सांगितली.

"जवळपास तेच," त्या हसल्या. "गुरू मागे येत नाही. आपण पुढे जातो."

मला वाटलं संपलं. तर नाही. तो पोलंडवालाही वर्तुळंच धरून बसला होता. पुढे एका जर्मन गणित्याने दुसऱ्याने घेतलेले मंगळाचे वेध तपासले. हिशोबात आणि वेधात फरक आठ कलांचा, म्हणजे चंद्र दिसतो त्याच्या पाव भागाएवढा; पण त्याने तो सोडून दिला नाही. वर्षानुवर्षं आकडेमोड करून वर्तुळ टाकलं आणि लंबवर्तुळ घेतलं. पण ग्रह असे का फिरतात? ते सांगितलं सफरचंदाच्या गोष्टीतल्या इंग्रजाने. जे ओढणं फळाला खाली आणतं तेच चंद्राला धरून ठेवतं. मी मान डोलावली. तेवढ्यात त्या म्हणाल्या की गेल्या शतकात कळलं, हे ओढणं नव्हेच, अवकाशच वाकलेलं असतं.

"ताई, शेवटचं काय ते सांगा."

"शेवटचं अजून आलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि पेरू कापायला घेतला.

मग वडिलांविषयी बोलल्या. जुन्या कोष्टकात गुरू जिथे लिहिलेला, तिथे तो आकाशात दिसत नाही, हे वडिलांनी गच्चीवरून पाहिलं आणि पंचांगाचं गणित बदललं. लोक बिथरले, कित्येकांनी त्यांच्याकडे येणं सोडलं. वडील एवढंच म्हणायचे, डोळ्यांना दिसतं ते लिहिणार. ही त्यांचीच मुलगी. सगळं जाणणारी. मग आमची रेवती का थांबली पाहिजे?

दिवेलागणीला आम्ही गच्चीवर गेलो. पूर्वेला गुरू उगवलेला होता, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. "आत्ताही वक्रीच आहे," कुमुदताई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. माधुरीचं लग्न मागच्या सिंहस्थात झालं. घरातले थोरले नको म्हणत होते. कुमुदताईंनीच त्यांना गप्प केलं. आठ महिन्यांत जावई मोटारसायकलच्या अपघातात गेला, घोटीच्या रस्त्यावर.

"आई," माधुरी म्हणाली, "त्याला गुरूने मारलं नाही. ट्रकने मारलं."

"माहीत आहे ग. मला गणित येतं. पण तो सिंहेत आला की माझी झोप जाते, त्याला मी काय करू?"

डोक्यात द्राक्ष आणि पेरू फिरत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ताई, तो असा मागे आल्यासारखा दिसतो, तेव्हा सिंहेतच असतो का?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"नाही. थोडे दिवस सिंहेत जाऊन परत कर्केत येतो. मार्गशीर्षानंतरच्या माघापासून वैशाखापर्यंत कर्केतच."

"मग माघात?"

"तुम्हाला कळवलं तेव्हाही मला हे माहीत होतं. मी सांगितलं नाही. मला अख्खं वर्ष हवं होतं." मग आकाशाकडे बघत म्हणाल्या, "माघात करा. मुलांना विचारा."

रेवतीला तिथूनच फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे गुरू मागे येतच नाही, पण तो मागे आला म्हणून लग्न होणार?"

"तसंच काहीसं."

मग ती म्हणाली, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. त्यांना सांगा, चालेल."

दुसऱ्या दिवशी निघताना कुमुदताईंनी द्राक्षं बांधून दिली आणि जिन्यापर्यंत आल्या. माधुरी आत होती. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. अमेयची करवली माधुरी झाली, तर तुमच्याकडे चालेल?"

मी लगेच हो म्हणालो नाही. हिचे भाऊ, आमचे शेजारी, मांडवात उभ्या राहणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. नवरा गेलेली करवली. मग मी म्हणालो, "चालेल, ताई." पण मधे थोडा वेळ गेला होता आणि तो त्यांना कळला होता. त्यांनी पिशवी माझ्या हातात नीट दिली.

परतीच्या वाटेवर खिडकीतून द्राक्षबागा, मग कांद्याची रोपं, मग नुसतं माळरान गेलं. कुणाला काय समजावायला मी एवढा लांब गेलो होतो, ते मला नीट सांगता येईना.

घरी पोचल्यावर हिला सगळं सांगितलं. लिंबू-द्राक्षाचं करून दाखवताना माझं तिसऱ्यांदा चुकलं आणि तिने ताटली ओढून घेतली. शेवटी करवलीचं सांगितलं, माझं थांबणंही सांगितलं. ही द्राक्षं धूत होती.

"अमेयला दुसरी बहीण आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तीच असणार ना करवली. यात विचारायचं काय होतं त्यांनी?" ती म्हणाली. "आणि थांबायचं काय होतं तुम्ही?"