आईची छोटी लाईन, बाबांची मोठी

आई वऱ्हाडातली. तिच्या माहेरी जायचं तर कल्याणहून नागपूरच्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून यवतमाळकडे जाणारी छोटी गाडी धरायची. रूळ इतके जवळजवळ की लहानपणी मला ती खेळण्यातलीच वाटायची. तिची मालकी स्वातंत्र्यानंतरही विलायतेतल्या एका कंपनीकडेच राहिलेली. चालवायचं मात्र सरकार.

बाबा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. कोळशाच्या इंजिनांवर खलाशी म्हणून लागले, मग विजेची इंजिनं शिकले. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन्ही लायनींची तुलना जेवताना रोज व्हायची.

"तुमची गाडी म्हणजे बैलगाडीला शिट्टी," बाबा म्हणायचे.

"असू दे. गाडी धरायला धावत येणारा माणूस दिसला तर आमचा गार्ड गाडी थांबवतो. तुमच्याकडे दार लावून घेतात," आई म्हणायची. मग दोघंही हसायचे. मला वाटायचं, हे असंच चालत राहणार.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला पेपरात खाजगीकरणाचं रोज काही ना काही यायला लागलं. बाबा युनियनचे. शेडमधून ते तापूनच घरी यायचे. त्या उन्हाळ्यात आम्ही मामाकडे गेलो. मामा आईपेक्षा मोठा, गावात त्याचं किराण्याचं दुकान होतं. माल छोट्या गाडीनंच यायचा, आणि त्या वर्षी गाडीचा काही धरबंध राहिला नव्हता. पहिल्याच रात्री पानं वाढली आणि विषय निघाला.

"कंपनीच्या काळात गाडी टायमावर येत होती, असं माहा बाप सांगे," मामा म्हणाला. "आता डब्याले खिडकी नाही, इंजिनाले पाणी नाही. कंपनीलेच परत देऊन टाका म्हणतो मी."

"द्या ना," बाबा म्हणाले. "तिकडे बसलेल्या मालकाला तुमच्या गुळाच्या ढेपेची काय पडलीय? तोटा दिसला की पहिलं तुमचं स्टेशन बंद करेल."

"अन् सरकार बंद करणार नाही?"

"सरकारला मतं मागायला यावं लागतं."

मामा पाणी प्याला आणि शांतपणे म्हणाला, "तुमाले फुकट पास भेटते, जवाईबुवा. आमी तिकीट काढून बसतो. तुमाले सरकार गोडच लागन."

बाबांनी ताटातच हात धुतले. मामी भाकरी घेऊन उभीच राहिली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आम्ही परत निघालो. मामा स्टेशनवर आला नाही.

नंतरचे बरेच उन्हाळे आम्ही कल्याणातच काढले. बाबांनी आईला अडवलं नव्हतं. "तू जा, पास आहे," असं ते म्हणायचे. "गेलो तर दोघं," असं म्हणून आई पुन्हा कामाला लागायची. पण संध्याकाळी भाजी घ्यायला ती मुद्दाम स्टेशनच्या पुलावरून जायची. विदर्भाकडची गाडी लागलेली असली की कठड्याशी थांबायची. डब्यांतून वऱ्हाडी बोलणं ऐकू यायचं. कुणी कुणाला "काहून वं" म्हटलं की तिचा चेहरा बदलायचा. एकदा मी विचारलं, "चढूया का?" ती म्हणाली, "पिशवीत मेथी आहे गं, सुकेल." आणि गाडी सुटेपर्यंत तिथून हलली नाही.

मग एक दिवस बाबा शेडमधून लवकर आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "तुमच्या लायनीवरचं काळं इंजिन काढतायत. डिझेल येणार. बघून येऊ एकदा."

आई लगेच डब्यात काय न्यायचं ते मला विचारायला लागली.

मामाच्या दुकानात नुकताच फोन बसला होता. आईनं बूथवरून फोन करून एवढंच सांगितलं, "दादा, आम्ही येतो." आम्ही मूर्तिजापूरला उतरलो तर मामा तिथेच हजर. गावातून अर्धा दिवस उलटा प्रवास करून आलेला. त्यानं बाबांच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "इंजिनवाल्याले सांगून ठेवलं. वर चढू देते."

बाबा चढले. खाली उतरले तेव्हा हाताला तेल आणि कपाळावर काजळी होती. पुसलीही नाही. गाडी निघाली, तेव्हा ते मामाच्या शेजारी बसले होते.

"नीट ठेवलंय हो," ते म्हणाले. "सामान मिळत नाही तरी पोरांनी जीव लावून ठेवलंय."

"म्हणून तर म्हणत होतो, कोणी पैसा लावणारा पाहिजे."

"पैसा लावेल, पण मग हे थांबणं राहील का?" गाडी कुठल्याशा शेताजवळ उभी होती. एक म्हातारी गार्डच्या डब्यात टोपली चढवत होती.

खिडकीशी बसलेली आई म्हणाली, "कोणीही चालवा. चालवा म्हणजे झालं."

त्या सुट्टीत वाद मिटला असं मी म्हणणार नाही. शेवटपर्यंत दोघं आपापल्या जागी ठाम होते, फक्त ताटावरून उठणं बंद झालं. आई मात्र त्यानंतर दर उन्हाळ्यात एकटी जाऊ लागली. डिझेलच्या इंजिनाला नावं ठेवत जायची. बाबा तिला गाडीत बसवून घरी यायचे आणि पिठलं टाकायचे. जेवताना समोर कुणी भांडायला नसल्यामुळे ते त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. अर्धं ते माझ्या ताटात वाढायचे.