मिम्बामावशीनं पोराला खाली धाडलं

मिम्बामावशीला चिडलेली मी कधी पाहिली नाही, आणि मला त्याचाच राग यायचा. साखरेच्या काहिलीपाशी तिनं एकोणीस हंगाम काढले होते. उकळत्या रसानं तिचा डावा हात कोपरापर्यंत सोलून निघालेला. बुशा, म्हणजे मळ्याचा गोरा कारभारी, चाबूक घेऊन समोर आला तरी ती त्याला "देव तुमचं भलं करो" म्हणायची. मी तिची भाची, शेजारच्या झोपडीत वाढलेली. मी विचारायचे, "मावशे, देवाला दुसरी कामं नाहीत का?" ती हसून यामचे कंद सोलत बसायची.

चार पोरांपैकी दोन तिनं पुरली, एक विकलं गेलं. उरला क्वामिन, चोवीस वर्षांचा, बैलगाडी हाकणारा, जिभेचा तिखट. तो आपल्या डोळ्यांदेखत मरू नये, एवढंच तिचं जगाकडे मागणं होतं.

अठराशे एकतीस सालच्या नाताळाआधी सगळ्या जमैकात एकच कुजबुज होती. विलायतेच्या राजानं आम्हा गुलामांच्या सुटकेचा कागद कधीच धाडलाय आणि मळेवाल्यांनी तो दडवलाय. आम्ही ते खरं मानलं. चॅपेलात, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, बायबलवर हात ठेवून शपथा झाल्या. नाताळाची सुट्टी संपली की मजुरी ठरल्याशिवाय उसाला हात लावायचा नाही, आणि कुणाचं रक्तही सांडायचं नाही. मावशीनं शपथ घेतली. क्वामिननं नाही घेतली.

"नुसतं बसून राहायचं?" तो म्हणाला. "कोंबडी बसून राहिली म्हणून तिला सुरी चुकते का, माय?"

"राजा आपल्या बाजूनं आहे."

"राजा तुझ्या हातचं कधी जेवून गेला?"

"चेष्टा नको करूस. तू काही पेटवलंस तर बुशाला गोळी घालायला निमित्त मिळेल."

"त्याला निमित्त लागतं, हे तुला कुणी सांगितलं?"

मी हसले. मावशी हसली नाही. त्या आठवड्यात बुशानं बंदुका तेल लावून ओसरीवर मांडल्या होत्या, आणि तो आमच्याशी गोड बोलायला लागला होता. चाबकापेक्षा मला त्या बोलण्याचं भय वाटलं. पाऊस नव्हता. उसाचं पाचट इतकं वाळलं होतं की वाऱ्यानं दिवसभर वाजायचं.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी डोंगरावरचा मळा पेटला. त्याच्या पलीकडचा पेटला, मग त्याच्याही पलीकडचा. आमच्याकडे चिपाडांची वखार पेटली, ती क्वामिननं पेटवली. वखारीचा राखणदार कफी लंगडा म्हातारा, आमच्यातलाच. तो रम पिऊन आत झोपला होता आणि हे क्वामिनला ठाऊक नव्हतं. सकाळी कफी जळून मेल्याचं कळलं तेव्हा क्वामिन डोंगरात पळाला.

कफीसाठी मी रडले. वखारीसाठी मला आजही काही वाटत नाही. तिच्यातली चिपाडं जाळूनच त्या काहिली तापायच्या, आणि त्यांनी आमची किती माणसं खाल्ली ते मी मोजायचं सोडून दिलंय.

पुढे लाल डगल्यांचे शिपाई आले. दवंडी पिटली की जो आपणहून खाली येईल त्याला माफी. मावशीचा चेहरा उजळला. तिच्या लेखी हे मळेवाल्यांचे नव्हते, राजाचे होते, आणि तो कागद यांच्याचपाशी असणार. मला घेऊन ती डोंगर चढली.

क्वामिन गुहेच्या तोंडाशी कोयत्याला धार लावत होता.

"खाली चल," ती म्हणाली. "कफीचं पाप अंगावर घेऊन इथे जनावरासारखा राहणार का?"

"मारतील ते मला."

"राजाची माणसं आहेत, पोरा."

"मी इथे वर्षानुवर्षं काढीन, माय. पाणी आहे, रानडुकरं आहेत."

"आणि मी? खालून गोळीचा आवाज आला की दर वेळी तुझं नाव घेऊ?"

त्यानं कोयता खाली ठेवला. तिनं त्याला धुतलेला सदरा घातला आणि खिशात आपली चॅपेलची चिठ्ठी सरकवली. दर तीन महिन्यांनी चॅपेल सभासदांना अशी छापील चिठ्ठी देई. तिच्यावर नाव नसे. क्वामिननं तर चॅपेल कधीच सोडलं होतं.

"ही दाखव," ती म्हणाली. "तू देवाच्या घरचा आहेस हे कळलं की कुणी हात लावणार नाही."

गोऱ्यांनी दंग्याचं सगळं खापर चॅपेलवर फोडलंय, हे आम्हा मळ्यावरच्या माणसांना कोण सांगणार? मावशीच्यानं पुढे चालवेना, म्हणून शिदोरी घेऊन मीच त्याच्याबरोबर बंदरापर्यंत गेले. कचेरीच्या अंगणात लष्करी खटल्यांचं टेबल मांडलं होतं. वखार पेटवताना क्वामिनला पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता. अधिकाऱ्यानं त्याचे खिसे उलटे केले आणि चिठ्ठी बोटांत धरून शेजारच्याला दाखवली.

"ही कुणाची?"

क्वामिननं माझ्याकडे पाहिलं. मावशीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

"माझीच," तो म्हणाला.

दुपारच्या आत त्याला टांगलं.

घरी येऊन मी मावशीला यातलं काही लपवलं नाही. लपवायला हवं होतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

साडेसहा वर्षांनी, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, आम्ही खरोखरचे मोकळे झालो. दंग्यानंतर गोऱ्यांनी जाळलेल्या चॅपेलच्या जागी नवं उभं राहिलं होतं. नवे पाद्रीबाबा भले होते, आमच्यासाठी विलायतेत भांडलेले. ते म्हणाले की ही सुटका प्रार्थनेनं आणि अर्जांनी मिळाली, आगीनं नव्हे. मग त्यांनी मावशीला उभं केलं, कारण पोराला कोयता खाली ठेवायला लावणारी आई म्हणून तिचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मळे जळेपर्यंत ते अर्ज कुणी उघडून तरी पाहिले होते का? पण बोलायचं होतं मावशीला.

"कफीला माझ्या पोरानं मारलं," ती म्हणाली. "ते मी झाकत नाही. मी मात्र कुणाला मारायचं नाही अशी शपथ घेतली होती, पाद्रीबाबा."

"आणि तुम्ही ती पाळलीत, मिम्बाबाई."



"माझा पोर डोंगरात राहिला असता," ती म्हणाली, "तर आज सकाळी चालत घरी आला असता."