पान कुणाला वाढायचं

मखमलाबादच्या साळूबाईचा नवरा लहानू मेला एकदाच, पण लोकांनी त्याला तीन ठिकाणी पोचवलं. सत्त्याण्णव साली रामकुंडात अस्थी सोडल्या, तेव्हा भाऊबंद म्हणाले, सुटला, मोक्ष मिळाला. दहाव्याला गुरुजी म्हणाले, आता तो पितर, दरवर्षी त्याला पान वाढा. आणि पुढच्या साली सून साधनाला मुलगा झाला, त्याच्या कानामागे लहानूसारखाच तीळ निघाला, तेव्हा शेजारची भागीबाई ओरडली, "अगं, तुझा मालक माघारी आला!"

झेंडू लावून रामकुंडावर विकणाऱ्या साळूबाईला यातलं जे हवंहवंसं वाटलं तेच पटलं. नातवासमोर, ज्ञानेशसमोर, ती डोक्यावर पदर घेऊ लागली. तो जेवल्याशिवाय जेवेना. पितृपक्षात पान ठेवणंही तिने बंद केलं. घरात बसलेल्या माणसाला पत्र्यावर कशाला बोलवायचं? साधना हसून सोडून द्यायची.

पोर चार वर्षांचं झालं त्या साली भाऊबंद फारच कुरकुरले. मग साळूबाईने खीर-वडे केले आणि पितराचं पान सरळ ज्ञानेशपुढे मांडलं.

साधनाने पोराला खसकन ओढलं. "जित्या लेकराला मेल्या माणसाचं पान? आत्याबाई, हा माझा पोरगा हाय, मामंजी नाय! पुन्हा असं केलं तर याला घेऊन कळवणला माहेरी जाईन."

दुसऱ्या दिवशी साळूबाईने घाटावर गुरुजींना गाठलं. "मालक वर हायेत का घरात?"

"जसं कर्म तशी गती. आत्मा कुठंही असो, वाढलेलं त्याला पोचतं."

"आन तो माझ्या मांडीवरच बसला असला तर?"

गुरुजींनी तिच्या टोपलीतला एक हार उचलला. "सर्वपित्रीला पान ठेवा, बाई. फार विचार करू नका."

त्यांचं काय जातंय म्हणायला!

सर्वपित्री अमावास्येला तिने पत्र्यावर पान ठेवलं. लोकांना कावळ्याच्या विनवण्या कराव्या लागतात. इथे पान टेकतंय तोच कावळा वडा घेऊन उडाला. भाऊबंद खूश. साळूबाईने मात्र उडत्या कावळ्यामागे हात जोडले. म्हणजे मालक तिकडेच होते? इतकी वर्षं उपाशी? मग हा कोण?

ती घरात आली. ज्ञानेश जेवत होता. तिने पदर खांद्यावरच राहू दिला, आजीने नातवासमोर बसावं तशी ऐसपैस बसली आणि आपलंही ताट वाढून घेतलं. साधनाला बरं वाटलं.

पोर तिच्याकडे बघत राहिलं. मग उष्ट्या हाताने उठलं, तिचा पदर धरला आणि डोक्यावर नीट ओढून दिला.

साळूबाईने हातातला घास ताटात परत ठेवला.